बिज्याची बंगई

ही गोष्ट सांगायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं, असं लिहिलं तर ते निम्मंच खरं होईल. निम्मी गोष्ट मी असंख्य वेळा सांगितली आहे. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर एका तेराव्यालासुद्धा. व्याह्यांच्या पिवळ्या धोतरापर्यंत मी ती रंगवत नेतो, ऐकणारे पोट धरून हसतात आणि मग मी पाणी पिण्याच्या निमित्तानं उठतो. उरलेलं निम्मं मी कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आता एक्याऐंशी पूर्ण झाली. लोकांना हसवायचा उत्साहही ओसरला आहे, म्हणून लिहून टाकतो. सुरुवातीलाच एक दुरुस्ती करतो. 'एवढा नामांकित मिस्त्री, पण सागवान म्हणून बिजा घेऊन बसला,' असं मी आजवर सांगत आलो. ते खोटं आहे. मिस्त्री चुकला नव्हता.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी लकडगंजमध्ये एका लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, नोकरीला होतो. मागे ओंडके कापायची आरामशीन, पुढे ओंडक्यांचे ढीग आणि मधल्या शेडमध्ये उभ्या रचलेल्या फळ्या. बल्लारशा-आलापल्लीकडून आलेला माल जातवार लावायचा, मोजायचा आणि गिऱ्हाइकांना दाखवायचा, हे माझं काम. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष मी अर्ध्यावर सोडलं होतं, पण तेवढ्या शिक्षणाचा माज पुरेसा होता. टालीवरच्या प्रत्येक लाकडाचं लॅटिन नाव मला पाठ होतं आणि कोणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे. त्यामुळे हमालांपासून शेठपर्यंत सगळे मला 'कॉलेज' म्हणत.

पुढचं समजायला दोन लाकडांची ओळख हवी. सागाच्या अंगातच तेल असतं. म्हणून तो पावसात फुगत नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात तडकत नाही, वाळवी त्याला तोंड लावत नाही, आणि ताजा कापला की जुन्या चामड्याच्या पिशवीसारखा वास येतो. रंधा मारला की त्याची ढलपी हाताला जरा तुळतुळीत लागते. बिजा सागाहून जड आणि हट्टी. रंग सोनेरी तपकिरी. दाराच्या चौकटीला, बैलगाडीला, ढोलकीच्या खोडाला फार चांगला. त्याच्या पेल्यात पाणी ठेवलं की त्यावर निळसर झाक येते आणि साखरेचे रोगी ते मोठ्या श्रद्धेनं पितात. पण बिज्याची एक खोड आहे. ओला झाला की तो पिवळा रंग सोडतो. हाताला, कपड्याला, भिंतीच्या चुन्याला, जे टेकेल त्याला. धूळ बसलेली करवती फळी मात्र सागाच्या चुलतभावासारखी दिसते आणि बाजारातले लबाड लोक त्याचा फायदा घेत.

आता मिस्त्री. साठीचा, काटक, कानावर पेन्सिल आणि खांद्यावर दुपट्टा. तो नुसतं पाहून कधी लाकूड घेत नसे. आधी बोटांच्या पेरांनी फळी ठोकायची, कान लावून ऐकायची. मग नखानं ओरखडा काढायचा, हुंगायचा, आणि शेवटी जिभेचं टोक लावायचं. मनासारखी निघाली की खिशातून गेरूचा खडा काढून फळीच्या टोकाच्या बाजूवर दोन उभ्या रेघा आणि वर एक टिंब. ही त्याची खूण. ती झाली की त्या फळीबद्दल पुन्हा बोलायचं नाही, हा नियम त्यानं स्वतःला घालून घेतला होता. शेजारच्या टालीवालेही त्याला बोलावून नेत. मिस्त्रीची खूण असलेली फळी गिऱ्हाईक उलटूनसुद्धा पाहत नसे. त्याच्याकडे घर होतं म्हणावं तर एक खोली होती, बायको वारली होती, मुलगी कन्हानला दिलेली. पण लकडगंजच्या रस्त्यानं तो चालायला लागला की दोन्ही बाजूंनी 'रामराम मिस्त्री' सुरू व्हायचं, ते त्या दोन रेघा आणि एका टिंबासाठी.

दुपारच्या चहाला आमचा खेळ रंगायचा. मिस्त्रीच्या डोळ्यांवर त्याचाच दुपट्टा बांधायचा आणि हातात लाकडाचा तुकडा द्यायचा. ओळखलं तर मी तर्री-पोहे खिलवायचे, चुकला तर त्यानं. मला त्यानं एकदाही खिलवले नाहीत.

"दे गा कॉलेज, काय देतं ते." मग तो तुकडा हुंगायचा. "हळदू. अन् गिरणीतल्या बॉबिनीचा हाय. मशीनचं तेल लागलं याले."

एकदा मी आंब्याच्या पेटीची फळी आठ दिवस सागाच्या भुशात पुरून, वर तेल चोळून दिली. त्यानं ती नाकाशी नेली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आंबा. याले तू सागाचा अत्तर लावला. काहून छळतं गा गरिबाले?"

हमाल खिदळले. मी इरेला पेटून त्याला आंब्याचं लॅटिन नाव सांगितलं.

"ते लॅटिन एकदा पाण्यात टाकून पाह्य," मिस्त्री दुपट्टा सोडत म्हणाला. "तरंगलं तं मले सांग."

हे रोजचंच होतं. मला त्याचा राग नव्हता, उलट तो आला नाही तर चहा बेचव लागायचा. पण या माणसाला एकदा, फक्त एकदा चारचौघांत चुकवायचं, हे डोक्यात पक्कं बसलं.

संधी धंतोलीहून आली. तिथल्या एका डॉक्टरांच्या घरी मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं आणि डॉक्टरीणबाईंना बैठकीत बंगई हवी होती. बंगई म्हणजे आमच्याकडचा घरातला झोपाळा. चार साखळ्या आणि एक रुंद फळी. ती फळी एकसंध हवी, जोड नको, आणि सागाचीच हवी, असा बाईंचा हट्ट. आमचे शेठ डॉक्टरांचे जुने स्नेही, त्यामुळे काम टालीकडे आणि टालीकडून मिस्त्रीकडे. मिस्त्रीनं अर्धा दिवस घालवून एक देखणा पाट, म्हणजे रुंद एकसंध फळी, निवडला. ठोकला, ऐकला, हुंगला, चाटला, खूण केली.

माझ्याकडे त्याच मापाचा बिज्याचा पाट तयार होता. आंब्याच्या अनुभवानं मी शहाणा झालो होतो. बंगईचं माप आलं तेव्हापासून तीन आठवडे हा पाट मी सागाच्या ताज्या भुशात झाकून ठेवला होता, भुसा दोनदा बदलला होता, आणि खास बेत म्हणजे निवडीच्या वेळी हा मिस्त्रीच्या नाकासमोर न्यायचाच नव्हता. मिस्त्री जेवायला गेला. मी सागाचा पाट शेडच्या मागे सरकवला, बिज्याचा पुढे ओढला आणि गेरूनं दोन रेघा आणि टिंब काढलं. टिंब जरा डावीकडे काढावं लागतं, कारण मिस्त्रीचं तसं पडत असे. त्या टिंबाचा मला फार अभिमान वाटला होता.

बेत साधा होता. पाट ठेल्यावरून धंतोलीला जाईल, मिस्त्री पहिला रंधा मारील, बिजा ओळखील, शिव्या घालत टालीवर येईल, मी सगळ्यांदेखत शेडमागचा साग काढून देईन आणि तर्री-पोहे खाईन. एका दिवसाची गंमत.

दोन दिवस गेले, मिस्त्री आलाच नाही. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. सायकल काढून धंतोलीला गेलो. डॉक्टरांच्या पडवीत मिस्त्री पाटावर वाकला होता.

"काय गा कॉलेज, टालीवर काम नाही का?"

"इकडून जात होतो. म्हटलं बघावं."

"पाह्य. पण थो रंधा अडून राहिला सारखा. बुडख्याकडचा भाग असन. अन् जडही लागते जराशी." त्यानं एक ढलपी उचलली, डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग टाकून दिली.

"मग?" मी हसू दाबत विचारलं.

"मंग काय? खूण माही हाय ना." त्यानं पाटाच्या टोकावर थाप मारली. "खूण केल्यावर शंका घेत बसलो तं काम कवा होईन?"

उन्हाळा होता, तो घामानं निथळत होता आणि त्याचे दोन्ही तळवे मनगटापर्यंत पिवळे झाले होते. मला ते पडवीच्या पायरीवरून दिसत होते. त्याला ते दिसत नव्हते. तेव्हा मला इतकंच वाटलं, की म्हातारा कामात गुंग आहे.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई चहा घेऊन आल्या. "आमच्या व्याह्यांना मी सांगून ठेवलंय बरं का," त्या मला म्हणाल्या, "आमची बंगई खुद्द मिस्त्रींच्या निवडीची आहे म्हणून."

मिस्त्री लाजला. त्याला लाजताना मी प्रथमच पाहिलं. मी तोंड उघडलं होतं. मग विचार केला, आता नको, बंगई टांगली जाऊ दे, मग सांगू. मजा दुप्पट होईल. चहा पिऊन मी परत आलो.

पुढे मला शेठनी लिलावासाठी आलापल्लीला पाठवलं आणि मी परतलो तो साक्षगंधाच्या सकाळी. 'मी गावातच नव्हतो, सांगणार कसं?' हे कारण मी स्वतःला इतकी वर्षं देत आलो. पण जाण्याआधी मी दोन दिवस टालीवर होतो आणि दोन्ही दिवस मिस्त्रीसोबत चहा प्यालो होतो.

आता लोकांना आवडणारा भाग. शेठना साक्षगंधाचं आमंत्रण होतं. त्यांच्यासोबत आमरसाच्या ओढीनं मीही गेलो. मे महिना, बाहेर पाय ठेववत नव्हता. बैठकीच्या खिडकीत नवाकोरा कूलर गडगडत होता. त्याच्या वाळ्याच्या ताट्यांतून गार वारा यायचा आणि वाऱ्यासोबत पाण्याचे बारीक तुषारही. डॉक्टरीणबाईंनी सर्वांत गार जागा पाहून, नेमकी कूलरपुढेच बंगई टांगून घेतली होती. पितळी कड्या चकाकत होत्या. मिस्त्रीनं फळीला नुसतं अळशीचं तेल दिलं होतं. सागाला पॉलिश करणं म्हणजे बाईमाणसाला मिशा रंगवणं, असं तो म्हणत असे.

वराचे वडील आले. कडक इस्त्रीचं दुधासारखं धोतर, कोसा रेशमाचा कोट. त्यांना आग्रहानं बंगईवर बसवण्यात आलं. ते बसले, झुलले, खूश झाले. मी समोर उभा होतो. माझा आमरसाचा उत्साह हळूहळू मावळत चालला. फळीवर तुषार पडत होते. व्याही तासभर उठले नाहीत. त्यांनी फळीवर हात फिरवून तिची तारीफ केली, मग त्याच हातानं कपाळ पुसलं आणि कपाळही पिवळं झालं.

शेवटी ओटीच्या वेळी ते उठले आणि मुलीसमोर मांडलेल्या बसायच्या पाटाकडे निघाले. त्यांच्या मागे बसलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. धोतराच्या मागे दोन पिवळेजर्द गोल उमटले होते, आजूबाजूला फळीच्या रेघांसह. एखाद्या कारकुनानं जिल्ह्याचा नकाशा रंगवावा तसे.

"अगं बाई," एक आत्याबाई म्हणाल्या, "यांना हळद आजच लावली का?"

"नवरदेवाला लावायची होती. चुकून बापाला लागली," दुसरी म्हणाली.

त्यानंतर कोणालाच आवरता आलं नाही. विहीणबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. व्याह्यांनी वळून पाहायचा प्रयत्न केला, पण आपलं मागचं आपल्याला दिसत नाही, त्यामुळे ते स्वतःभोवती दोन वेळा फिरले आणि सर्वांना नकाशा दोन्ही बाजूंनी दिसला. न्हाणीघरात नेऊन साबण लावला तर तो आणखीच पसरला. अखेर डॉक्टरांच्या धोतरात, जे त्यांना चार बोटं आखूड होतं, साक्षगंध पार पडलं. सोयरीक मोडली नाही. उलट त्या मुलीच्या संसारात पुढे हीच गोष्ट सणावाराला सांगितली गेली, असं मी ऐकलं.

इथपर्यंत मी सांगतो आणि पाणी प्यायला उठतो.

त्या गोंधळात आमचे शेठ मात्र हसत नव्हते. त्यांनी बोट ओलं करून फळीवर घासलं, पाहिलं आणि पुटपुटले, "हा तर बिजा आहे." दुसऱ्या दिवशी बंगई उतरवून टालीवर आणली आणि मिस्त्रीला बोलावलं. हमाल जमले होते. काल काय झालं ते सगळ्यांना कळलं होतं, त्यामुळे मिस्त्री फाटकातून आला तेव्हाच कोणीतरी फिसकन हसलं.

"काय मिस्त्री, हळदीचं सामान आणलं का?" एका हमालानं विचारलं.

मिस्त्री सरळ पाटाजवळ गेला. तो उकिडवा बसला. पाट ठोकला. हुंगला. जीभ लावली. मग पाट उभा केला आणि टोकावर त्यानं न पुसता ठेवलेल्या खुणेवरून बोट फिरवलं, एकेका रेघेवरून, मग टिंबावरून.

शेठ भले माणूस होते. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, फळी कोणी बदलली तर नाही?"

मी चार हात अंतरावर उभा होतो. हमाल हसायचे थांबले होते. एवढं सोपं मला आयुष्यात कोणी काही करून दिलं नसेल. फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"नाही शेठ," मिस्त्री म्हणाला. "कोणाच्या अंगावर काहून टाकू? खूण माही हाय. मीच चुकलो." त्यानं पाट पुन्हा आडवा ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "दोन सालापासून डोळ्यावर ढग येऊन राहिले. कोणाले सांगतलं नाही. नाकाच्या भरवशावर होतो. आता थेही गेलं."

तेव्हा मला ते पिवळे तळवे आठवले. आणि तरी मी बोललो नाही. नोकरी जाईल ही भीती होती, ते खरं आहे. पण त्याहून लाजिरवाणं कारण असं की माझी गंमत यशस्वी झाली होती आणि ती आता कोणालाच सांगता येणार नाही, याची मला चक्क चुटपुट लागली होती.

मिस्त्रीनं दुसरी बंगई करून दिली, मजुरी घेतली नाही. तिच्यासाठी फळी निवडायला तो शेडमध्ये आला तेव्हा ठोकायला उचललेला हात त्यानं मध्येच खाली घेतला.

"कॉलेज," तो म्हणाला, "तू पाह्य गा. तुले समजते."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी कदाचित कबूल केलं असतं. मी फळी निवडली. विशेष म्हणजे तीच निवडली, त्याचीच, शेडच्या मागे सरकवलेली. टोकावरची खूण मी रंध्यानं आधीच साफ करून टाकली होती. त्यानं ती हुंगलीसुद्धा नाही. "तू म्हणतं तं सागच असन," म्हणाला आणि ठेल्यावर चढवली.

दुपारचा खेळ बंद पडला. मिस्त्री पुढे दोन-अडीच वर्षं काम करत राहिला, पण निवड माझी. इतर टालीवालेही हळूहळू मलाच बोलावू लागले. लाकूड ओळखणारा म्हणून लकडगंजमध्ये माझं नाव झालं, त्याच नावावर पुढे मी स्वतःची लहानशी टाल घातली. गिऱ्हाईक विचारायचं, कोणाच्या हाताखाली शिकलात? मी मिस्त्रीचं नाव सांगायचो आणि लगेच धोतराची गोष्ट.

मिस्त्री कन्हानला मुलीकडे राहायला गेला. पाच-सहा वर्षांनी कळलं की त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं. मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. आता तो पुन्हा खूण करू शकेल. एका रविवारी बसनं कन्हानला गेलो. वाटेत काय बोलायचं ते चार वेळा घोकलं.

जाड भिंगांच्या चष्म्यातून त्यानं मला ओळखलं. "अरे कॉलेज! जाडा झाला बे तू!" मुलीनं पोहे टाकले. अंगणात सायकलच्या दुकानातल्यासारखा पसारा होता, जावयाचा. सुतारकामाचं एकही हत्यार दिसलं नाही.

"मिस्त्री," मी सुरुवात केली, "ती धंतोलीची बंगई..."

"आवं, ऐकलं का वं?" तो मुलीकडे वळून ओरडला. "मी सांगतो ना थे पिवळ्या धोतराचं, हा होता तिथं! याले विचार, खोटं हाय का!" आणि त्यानं सगळी गोष्ट सांगितली, माझ्याहून सरस. जावई हसला, नातवंडं हसली, मुलगी हसली. त्याच्या गोष्टीत मूर्ख तोच होता.

"देवानं बराबर टायमाले सांगतलं, बस झालं म्हणून," तो शेवटी म्हणाला. "नाहीतं आंधळ्या डोळ्यानं कोणाकोणाच्या घरात काय काय लावून ठेवलं असतं."

"आता तर दिसतं ना तुम्हाला?" मी म्हणालो. "पुन्हा सुरू करा."

"डोळे आले गा. नाकाचं ऑपरेशन नाही होत." तो हसला. मुलगी नाही हसली. पोह्यांची बशी माझ्यासमोर ठेवताना ती हळूच म्हणाली, "कोणी लाकूड दाखवाले आणलं तं बाबा आत जाऊन बसतात."

मी पोहे खाल्ले. दुसऱ्यांदा वाढलेलेही खाल्ले. फाटकापर्यंत तो मला सोडायला आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "येत जाय." मी हो म्हणालो आणि बसमध्ये बसलो. पुन्हा गेलो नाही. तीनेक वर्षांनी कन्हानच्या एका गिऱ्हाइकानं चौकटीचं माप देता देता सांगितलं, की मिस्त्री गेला, झाले चार महिने.

कन्हानच्या त्या बसमध्ये मी घोकलेलं मोठं नव्हतं. त्यात माफीचा शब्द सर्वांत शेवटी होता, कारण आधीचं ऐकल्याशिवाय त्याला अर्थ नव्हता. ते असं होतं: मिस्त्री, तुम्ही खूण केली ती फळी सागाचीच होती. तुमचं नाक चुकलं नाही, हात चुकला नाही, त्या दिवशीही नाही आणि कधीच नाही. फळी मी बदलली. मला माफ करा.